एका टायमाला

धोंडीभाऊ वायरमननं मला कधी मारलं नाही. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही, पण नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला ओतूरच्या आसपास ज्यांनी घरं बांधली त्यांना विचारून बघा. कुणाच्या कानाखाली, कुणाच्या पाठीत, कुणाची नुसतीच गचांडी. काही ना काही प्रसाद मिळालेला असायचाच. मी वाचलो, पण माझ्या काउंटरची काच वाचली नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, जरा हलकी वायर दाखवा, चालून जाईल," की धोंडीभाऊच्या हातातली पक्कड खाडकन काचेवर! नवी काच तोच बसवून द्यायचा आणि पुन्हा तोच फोडायचा. शेवटी वैतागून मी काच काढली आणि वर पत्रा ठोकला. त्या पत्र्यालाही पोचे आणले बाबानं.

आमचं विजेच्या सामानाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, मी ओतुरात जन्मलो, भांडतो ते मराठीतच. घरात आई अशी, की पायाखाली मुंगी येईल म्हणून जमिनीकडे बघत चालायची. आणि खाली दुकानात हा राक्षस! "त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस," आई म्हणायची. अहो, पण घेऊ नकोस म्हणजे काय? घराचा लोड काढावा तर त्यानंच. लोड म्हणजे घराला एकूण वीज किती लागेल त्याचा अंदाज. तो आधी काढायचा, मग वायर किती जाड, फ्यूज केवढा, मीटर कसलं ते ठरतं. अंदाज चुकला की रोज फ्यूज उडतो, नाहीतर भिंतीतली वायर भाजून निघते.

बाकीचे वायरमन खोल्या मोजायचे. आठ खोल्या, आठ बल्ब, चार पंखे, एक टीव्ही, झाला लोड. धोंडीभाऊ खोल्यांकडे बघायचासुद्धा नाही. बुटका, जाड मानेचा, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. राजदूत मोटरसायकलला बांधलेली शिडी सोडायच्या आधी ओट्यावर बसायचा आणि ओरडायचा, "बाईमाणसं भाईर बोलवा!" घरातले पुरुष पुढे झाले की त्यांना हातानं बाजूला सारायचा. मग एकेका सुनेला विचारायचा, "चुली किती घरात? सकाळी पयली आंघोळ कुणाची? पोरांची एष्टी कितीला? एका टायमाला काय काय चालतं?"

हे "एका टायमाला" म्हणजे त्याचं सगळं शास्त्र. घर एकत्र असेल, चूल एक असेल, तर पाणी तापवायचा रॉड एकच असतो आणि तो या बादलीतून त्या बादलीत फिरतो. पण भावाभावांत बोलणं नसेल तर प्रत्येकाच्या दाराआड वेगळा रॉड, वेगळा मिक्सर, वेगळी इस्त्री. पोरांची गाडी मात्र सगळ्यांची एकच, म्हणून सगळं चालू होणार एका वेळेला. खोल्या तेवढ्याच, माणसं तेवढीच, आणि लोड चौपट. "खोल्या मोजतो त्यो गाढव," धोंडीभाऊ म्हणायचा. "घरातली भांडणं मोजायची, शेठ."

आता सांगा, घरातली भांडणं परक्याला कोण सांगतं? लोक खोटं बोलायचे. खोटं बोलले की हा हात उचलायचा. मी समजावून थकलो. म्हणायचा, "थोबाडीत बसली तर गाल सुजतो, चार रोजांत उतरतो. वायर पेटली तर काय उतरतं? तुमीच सांगा."

ओतूरच्या पुढे एका वाडीवर दोन भावांचं नवं घर होतं. दोघं एका छपराखाली राहत, पण वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. थोरला म्हणाला, "आमच्यात काय न्हाई बघा, रॉड एकच हाये." धोंडीभाऊनं धाकट्याच्या दाराचा पडदा ओढला. कोपऱ्यात बादली, बादलीत रॉड. त्यानं मागं वळून थोरल्याच्या अशी सणसणीत ठेवून दिली, की तो ओट्यावरून खाली अंगणात गेला. आणि मग गंमत बघा. तो धाकटा, ज्यानं बापाच्या दहाव्यालाही भावाशी शब्द काढला नव्हता, तो कुदळीचा दांडा घेऊन धावत आला. "माझ्या भावाला हात लावतो का रं!" दोघांनी मिळून धोंडीभाऊला बडव बडव बडवला. संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला तो ओठ फाटलेला, एक डोळा बंद. बाकड्यावर बसला, रक्त थुंकला आणि हसत म्हणाला, "शेठ, त्या वाडीवरचा लोड निम्मा करा. चूल एक झाली."

आमच्या घरीही तेच केलं की त्यानं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं भाऊ राहायचो. घर नवं वायरिंग करायला काढलं, तेव्हा यानं आमच्या बायका व्हरांड्यात उभ्या केल्या. माझे थोरले बंधू म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, ट्रस्टी वगैरे. ते भडकले. "आमच्या घरात काय चालतं ते तू कोण विचारणार?" धोंडीभाऊनं एका हातानं त्यांना गळ्याशी धरून भिंतीला लावलं. माझी आई "अरे सोड, अरे सोड" करत रडायला लागली. माझ्या बायकोनं घाबरून सांगून टाकलं, की थोरल्या जाऊबाईंनी कपाटामागे स्वतःची विजेची शेगडी ठेवली आहे. मला माहीत नव्हतं! त्यानं बंधूंना सोडलं, त्यांची टोपी उचलली, झटकली, नीट त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "जाड वायर घ्या." बंधू त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. पण वायर जाडच घेतली.

एकदा तर एक बहाद्दर बायकोच्या हातात बांबू देऊन तिला वीज चोरायला तारेवर आकडा टाकायला लावत होता आणि स्वतः लांब झाडाखाली उभा होता. धोंडीभाऊ राजदूतवरून चालला होता. त्यानं गाडी तशीच आडवी टाकली, बाईच्या हातातला बांबू घेतला आणि तो बांबू फुटून त्याच्या चिरफळ्या होईपर्यंत त्या नवऱ्याला मारला. बाई धोंडीभाऊलाच शिव्या घालत होती. तो म्हणाला, "घाल माय, घाल. जिती हायेस म्हून घालतीस."

या माणसाला एकच माणूस गप्प करू शकायचं, ती त्याची मुलगी अलका. आई लहानपणीच गेलेली, बापलेक दोघंच. पोरगी बारावीपर्यंत शिकलेली, अंगानं काटक, बोलणं मोजकं. हा दुकानात कुणावर तरी तोंड सोडत असला आणि ती डबा घेऊन आली, की दारातूनच म्हणायची, "आबा, आवाज." एवढंच. की याचा आवाज खाली. मी म्हणायचो, "अलके, तू रोज इथंच बसत जा, माझा पत्रा तरी वाचेल."

तिला स्थळ आलं महाळुंगे पडवळचं. मोठं घराणं, बागायती, चार मुलगे. सासऱ्याला सगळे नाना म्हणायचे. नानांची पंचक्रोशीत ख्याती एकाच गोष्टीची. लग्नात, दशक्रियेत, पारावर, कुठंही बसले की सांगायचे, "चार लेकं, चार सुना, पण चूल एक." लोक आपापल्या पोरांना त्यांचं उदाहरण द्यायचे. अलका तिसऱ्या मुलाला दिली. धोंडीभाऊ तेव्हा दुकानात पेढे घेऊन आला होता. एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "एका चुलीचं घर मिळालं, शेठ," म्हणाला.

पुढं नानांनी नवं स्लॅबचं घर बांधलं आणि वायरिंग व्हायच्या आधीच सगळे त्यात राहायला आले. आठ बेडरूमचं, मधोमध लांब बोळ, प्रत्येक मुलाला दोन-दोन खोल्या. वायरिंगचं काम मानानं व्याह्यालाच दिलं. सामानाचा अंदाज घ्यायला धोंडीभाऊनं मला बरोबर नेलं, माझ्याच मारुती व्हॅनमधून. चहापाणी झालं. नाना खुर्चीत, धोंडीभाऊ खाली सतरंजीवर. मी सारखा त्याच्या तोंडाकडे बघतोय, कारण तो ओट्यावर बसून ओरडला नाही. बायकांना बाहेर बोलावलं नाही. अगदी हळू म्हणाला, "पावणं, जरा खोल्या बघून येतो."

मी त्याच्या मागं गेलो. पहिल्या खोलीत पडद्याआड गॅसची शेगडी. दुसऱ्या मुलाच्या खोलीत कपाटाच्या खणात शेगडी. तिसरी अलकाची. ती दारात उभी होती, पदर नीट घेऊन. तिनं पडदा स्वतःच बाजूला केला, बापाला शेगडी दाखवली आणि बादलीतला रॉडही दाखवला. चौथ्या खोलीला आतून कडी होती, पण फोडणीचा वास बाहेर येत होता. धोंडीभाऊ त्या बोळात उभा राहिला. मानेची शीर तटतटली होती. म्हटलं, आता व्याह्याच्या अंगावर जातो हा!

बाहेर आल्यावर तो हात जोडून म्हणाला, "पावणं, थ्री फेज घ्यावं लागंल, मोठ्या लोडचं. एका टायमाला चार रॉड चालत्यात."

नानांचा चेहरा लाल झाला. ओट्यावर भावकीतली पाच-सहा माणसं बसली होती. त्यांच्यादेखत नाना म्हणाले, "चार रॉड कशाला? चूल एक हाये आमची. काय रं पोरांनो?" चारही मुलगे ओळीत उभे होते. चौघंही म्हणाले, "एकच." नाना धोंडीभाऊकडे बघून हसले. "तुमची पोरगी नांदतीय न्हवं एका चुलीवर? तुमाला म्हाईत न्हाई का? साधं मीटर घ्या. एका चुलीचा लोड धरा."

याच्याहून लहान खोट्याला यानं माणसं लोळवली होती. धोंडीभाऊनं मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं, पावणं."

आमच्याकडे मुलीचा बाप म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. व्याह्याच्या दारात तो जोडे काढतो तेव्हाच अर्धा होतो. परत येताना व्हॅनमध्ये मी त्याच्यावर खेकसलो. "दुसरं कुणी असतं तर दात पाडले असतेस. इथं का दातखीळ बसली?" तो म्हणाला, "शेठ, तुमाला पोरगी न्हाई. मी तिथं हात टाकला तर त्यो तिच्या अंगावर पडनार." मला दोन्ही मुलगेच.

धोंडीभाऊनं नानांच्या हिशोबानं वायरिंग करून दिलं आणि रोज सकाळी फ्यूज उडायला लागला. चार दारांआड चार रॉड, दुसरं काय होणार? अलकानं नागपंचमीला माहेरी आल्यावर सांगितलं, की थोरल्या दिरानं वैतागून फ्यूजमध्ये जाड तार घातली आहे, आता उडत नाही. धोंडीभाऊ त्याच दिवशी महाळुंग्याला गेला. तार काढा म्हणाला, लोड वाढवून घ्या म्हणाला, वायर मी माझ्या पदरची बदलतो म्हणाला. हे सगळं हात जोडून. नाना म्हणाले, "पोरगी दिली, आता घर बी तुमीच चालवनार का? लोड वाढवला की लोक काय म्हनतील? नानाचं घर फुटलं म्हनतील." तो तसाच माघारी आला. दुकानात बाकड्यावर बसला. समोर एक गिऱ्हाईक हलकी वायर मागत होतं, आणि यानं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. लाईट पहाटे जायची ती पोरांच्या गाडीच्या वेळेला यायची. बायका रॉड बादलीत सोडून, बटणं चालू ठेवून बाकीची कामं उरकायच्या. त्या सकाळी लाईट आली ती सगळ्यावर एकदमच आली. चार रॉड, पाण्याची मोटर, फ्रीज, टीव्ही, सगळं एका क्षणात. जाड तारेचा फ्यूज उडाला नाही. बोळातली वायर उडाली. वायरवरची लाकडी पट्टी पेटली, पडदे पेटले. चारही भाऊ पोरं घेऊन अंगणात पळाले आणि "लाईट बंद करा, लाईट बंद करा" म्हणून ओरडत राहिले. आता करणार कोण? अलका वायरमनची मुलगी. मेन स्विच खाली ओढायला पाहिजे हे तिलाच सुचलं. ती धुरात शिरली आणि वितळत्या बोर्डावरचा दांडा तिनं उजव्या हातानं ओढला. घर वाचलं. तिच्या नायलॉनच्या साडीनं पेट घेतला होता.

मंचरच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा तिचा उजवा हात खांद्यापर्यंत गुंडाळलेला होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, हाताचं सांगता येत नाही. ती गुंगीत होती. धोंडीभाऊ कॉटजवळ उभा राहिला, तिच्या पायाला हात लावला आणि बाहेर आला. "शेठ, महाळुंगे," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, पोरीजवळ थांब." तो ऐकेना. मी गाडी काढली. काढायला नको होती असं लोक म्हणतात. म्हणोत.

त्यानं पिशवीतून हातोडा घेतला तो उंबऱ्यातच सुरू झाला. जळका मीटर-बोर्ड एका घावात खाली. मग थोरल्याच्या खोलीत घुसला, शेगडी उचलली आणि ओट्यावरून अंगणात फेकली. "ही एक!" गाव गोळा झालं होतं. दुसऱ्या खोलीतली शेगडी आली, तिच्या नळीसकट. "ही दोन! मोजा रं! चुली मोजा नानाच्या!" तिसरी अलकाची, ती फेकताना त्यानं हुंदका दिला. चौथीला आतून कडी होती, त्यानं दारच फोडलं. नाना आडवे आले. "पावणं, माझी अब्रू..." एवढंच बोलले. धोंडीभाऊनं हातोडा टाकला आणि हातानंच मारलं. तोंडावर, छातीत, पडल्यावर लाथांनी. त्यांचं पागोटं अंगणातल्या राखेत पडलं. मग मुलांनी धोंडीभाऊला घेरलं. एकानं कमरेत पाट मारला, दुसरा काठीनं झोडत सुटला. मी मधे पडलो तर माझा चष्मा गेला आणि कपाळ फुटलं. जन्मात पहिल्यांदा मीही कुणाला तरी मारलं, कुणाला ते दिसलं नाही. गावकऱ्यांनी आम्हाला ओढून गाडीत घातलं नसतं तर मेलोच असतो दोघं.

संध्याकाळी परत दवाखान्यात आलो. अलका शुद्धीवर होती. तिनं बापाचा फाटलेला सदरा बघितला, सोललेल्या मुठी बघितल्या.

"कुणाला मारलं, आबा?"

"तुझ्या सासऱ्याला."

"कधी?"

"आता. दुपारी."

मला वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, "आता मारून काय उपेग? तवा मारायचं व्हतं. मी पडदा बाजूला करून दाखवला व्हता तुमाला."

तो माणूस तिथंच फरशीवर बसला. नंतर त्याला उठवायला मी आणि वॉर्डबॉय दोघं लागलो.

त्यानंतर धोंडीभाऊनं लोड काढला नाही आणि कुणावर हातही उचलला नाही. अलका माहेरी आली ती कायमची. नानांच्या घरात उघड चार चुली झाल्या, चार मीटर बसली. सामान माझ्याकडून गेलं नाही. धोंडीभाऊ बाजाराच्या दिवशी दुकानासमोरून जायचा. मी हाक मारायचो, तो हात वर करायचा आणि पुढं जायचा. पोरंटोरं त्याला मुद्दाम डिवचायची, "धोंडीभाऊ, चुली किती?" तो ऐकून घ्यायचा. मला इतकी चीड यायची! पोरांची यायची आणि त्याची त्याहून जास्त.

त्याला शेवटचं बघितलं ते ओतूरच्या एसटी स्टँडवर. जुन्नरची गाडी लागत होती, ही झुंबड. धोंडीभाऊ पिशव्या घेऊन दाराशी, मागं अलका. तिचा उजवा हात पदराखाली, बोटं एकमेकांना चिकटलेली. एक तगडा गडी रांग मोडून घुसला आणि त्यानं धोंडीभाऊला छातीवर हात देऊन मागं लोटलं. "सर की म्हाताऱ्या!" धोंडीभाऊ पडता पडता सावरला. "बरं बाबा, जा," म्हणाला आणि बाजूला झाला.

अलकानं हातातली पिशवी खाली ठेवली. पुढं आली, त्या गड्याला सदऱ्याला धरून पायरीवरून खाली ओढलं आणि डाव्या हातानं त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की कंडक्टरसुद्धा खिडकीतून वाकून बघायला लागला. "रांगेत," ती म्हणाली. गडी गाल धरून रांगेच्या शेवटी गेला. मी दुकान उघडं टाकून तिथं उभा होतो. अहिंसावाल्या घरातला माणूस मी, पण डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून "शाब्बास गं!" निघून गेलं.

धोंडीभाऊ तिच्याकडे बघत होता. मग त्यानं खाली वाकून तिची पिशवी उचलली, आपल्या खांद्याला लावली आणि तिला पुढं चढू दिलं.